आधणाचं पाणी आणि इंजेऱ्याचे डोळे

ज्वारीचं पीठ गार पाण्यात भिजवून भाकरी थापायला घेतली की कडेला भेगा पडतात आणि उचलताना तुकडे हातात येतात. तेच पीठ आधणाच्या पाण्यात मळलं तर भाकरी एकसंध थापली जाते. पिठाची विरी गेली असेल तर उकड काढायची, हे घराघरांत ठाऊक आहे. हीच युक्ती इथिओपियाच्या पठारावर वेगळ्या रूपात भेटते.

गव्हातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं पाणी मिळताच एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनची ताणली जाणारी जाळी तयार होते. पोळी पातळ लाटता येते ती त्यामुळे. ज्वारीत मुख्य प्रथिन काफिरिन. ते सूक्ष्म गोळ्यांत बंदिस्त असतं, त्याची अशी जाळी होत नाही. मग पीठ बांधून ठेवायचं काम स्टार्चवर येतं. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची चिकट खळ होते आणि उरलेलं पीठ तिला धरून राहतं.

इथिओपियाचं लाडकं धान्य टेफ. दाणा इतका बारीक की एका ग्रॅममध्ये अडीच-तीन हजार मावतात. त्यातही ग्लुटेन नाही, तरी त्याचा ‘इंजेरा’ हा पोळीसारखा प्रकार मऊ आणि गुंडाळता येईल इतका लवचीक होतो. टेफचं पीठ पाण्यात कालवून, आधीच्या आंबवणातलं ‘एर्शो’ नावाचं पाणी विरजणासारखं घालून दोन-तीन दिवस आंबवतात. पुढची पायरी मला सगळ्यांत मोलाची वाटते. आंबलेलं थोडं पीठ काढून ते पाण्यात शिजवतात आणि ती खळ परत मूळ पिठात मिसळतात. तिचं नाव ‘आब्सित’. ही उकडच झाली! भाकरीत ती पिठाला बांधते, इंजेऱ्यात आंबण्यातून सुटलेला वायू धरून ठेवते. ‘मिताद’ या मोठ्या तव्यावर पीठ गोलाकार ओतून झाकण ठेवतात, इंजेरा उलटत नाहीत. बुडबुडे वर येऊन फुटतात आणि आंबोळीसारखी जाळी पडते. तिकडे तिला ‘डोळे’ म्हणतात.

त्यावर वाढतात मिसिर वोत, म्हणजे कांदा आणि बेरबेरे मसाल्यात शिजवलेली मसूर डाळ. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या बुधवार-शुक्रवारच्या उपवासाला मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात, डाळी चालतात. म्हणून त्या दिवशी मिसिर किंवा ‘शिरो’ हे पिठल्याच्या जातीचं कालवण असतं. धान्य आणि डाळीची ही जोडी एकमेकांना पूरकही आहे. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, ज्वारीत तर फारच कमी. डाळीत ते भरपूर, पण तिच्यात मेथिओनिन कमी पडतं आणि ते धान्य पुरवतं. दोन्ही एकाच घासात असायला हवीत असंही नाही, दिवसभरात पोटात गेली तरी पुरतं. आंबवण्याने धान्यातलं, लोह अडवून धरणारं फायटेटही घटतं, त्यामुळे लोह अंगी लागायला मदत होते.

ज्वारी मुळात आफ्रिकेचीच. पूर्व सुदानात सापडलेल्या खापरांवर तिच्या तुसांचे पाच हजार वर्षांपूर्वीचे ठसे आहेत. नाचणीही पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून आपल्याकडे आली. इथिओपियात आजही पुष्कळ घरांत टेफऐवजी ज्वारीचा इंजेरा होतो. तो टेफच्या इंजेऱ्याहून लवकर कडक होतो, कारण गार झाल्यावर स्टार्चचे सुटलेले धागे पुन्हा एकमेकांना घट्ट बिलगतात. कालची भाकरी ताकात कुस्करावी लागते, ती याच कारणाने.