तंबू ठोकण्याआधी वारा बघा

दरवर्षी २० ऑगस्टला जागतिक डास दिन होतो आणि सोबतीला डेंग्यूच्या नेहमीच्या बातम्याही येतात. आपण श्रावणातल्या ट्रेकरांबद्दल बोलू.

दुकानात आधी डास पळवणारा मनगटी पट्टा पुढे केला जातो. मार्क फ्रॅडिन आणि जोनाथन डे या संशोधकांनी स्वयंसेवकांना डासांच्या पिंजऱ्यात हात घालायला लावून असल्या वस्तूंचा कस पाहिला. २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला. सुमारे २४ टक्के डीट हे डासरोधक रसायन असलेले औषध सरासरी पाच तास टिकले. सिट्रोनेलाची उत्पादने वीस मिनिटांच्या आत गारद झाली. औषध भरलेले पट्टे अर्ध्या मिनिटाच्या वर टिकले नाहीत. तरीही पट्टे विकले जातातच! डीट जरूर न्या. फक्त चष्म्याची फ्रेम आणि रेनकोट जपा, ते प्लास्टिक खाते.

पण माझा खरा भरवसा वाऱ्यावर आहे, आणि तो फुकट मिळतो. डास उडण्यात दुबळा. शिवाय आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत तो येतो आणि वारा तो मागच पुसून टाकतो. राजगडावर बहुतेकांचा मुक्काम पद्मावती माचीवर पडायचा, कारण तिथे देऊळ आहे, तळे आहे, पाणी हाताशी आहे. डासांनाही नेमके हेच हवे. म्हणून पाणी भरून घ्यावे आणि पथारी तळ्या-टाक्यापासून लांब, झुळूक लागेल अशा उंचवट्यावर टाकावी. अर्थात कड्याला चिकटून नव्हे. पावसाळी वारा तंबूही उचलतो.

वाऱ्याची ही युक्ती रानातल्या वाटेवर चालत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसाढवळ्या चावतो आणि झाडाच्या ढोलीत साचलेले पाणीही त्याला अंडी घालायला पुरते. तेव्हा चढताना उकडले तरी पूर्ण बाह्यांचा, सैल, फिकट सदरा आणि लांब पँट हवी. रात्री तंबूची जाळी लावलेली असावी. बंद तंबूत कॉइल पेटवणे हा तर शुद्ध वेडेपणा. धूर छातीत जातो आणि कापड पेटायला ठिणगी पुरते.

ट्रेकच्या जाहिरातींत मात्र ‘तळ्याकाठी तंबू’ हेच मोठे आकर्षण असते. पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा, तंबू पाण्यापासून किती लांब आहेत. तो हसला, तर दुसरा आयोजक बघा.