भांडेवालीला लुगडी देण्याआधी ट्रंक उघडून बघा! जुन्या कपड्यांनी, जुन्या रंगांनी असं सजवता येईल घर

जालना : दिवाळीची साफसफाई निघाली की घरोघरी माळ्यावरची ट्रंक खाली येते. त्यात आजीची लुगडी असतात, लग्नातला खण असतो, एखादी विरलेली इरकल असते. दुपारी गल्लीत भांडेवालीची हाक ऐकू आली की हा गठ्ठा बाहेर जातो आणि बदल्यात स्टीलचं एखादं पातेलं घरात येतं. पुढच्याच आठवड्यात बाजारातून पॉलिस्टरचे पडदे आणि चकचकीत बेडशीट विकत आणली जाते. कपाशी पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या घरातून सूत बाहेर जातं आणि प्लास्टिकचा धागा आत येतो, असा हा व्यवहार आहे.

शहरांत सध्या 'रेट्रो' सजावटीची हवा आहे. जुन्या काळचे कापड, गडद काठ, चुन्याच्या भिंती, पितळी भांडी यांना तिथं चांगली किंमत मिळते. भोकरदन, जाफ्राबादपासून मंठा, परतूर, घनसावंगीपर्यंतच्या घरांत यातलं बरंचसं सामान आधीच पडून आहे. ते कसं ओळखायचं आणि कसं वापरायचं, एवढंच समजून घ्यायचं आहे.

आधी कापड ओळखा

ट्रंकेतलं सगळंच ठेवण्याजोगं नसतं. कापड सुती आहे की नाही हे बघायला कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा उघड्या जागी, पाण्याचं भांडं जवळ ठेवूनच करावी.

आपल्या भागातल्या घरांत साधारण चार प्रकार सापडतात. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातून आलेली इरकल साडी तिच्या लालसर रुंद काठावरून लगेच कळते. त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण बारीक नक्षीचा आणि कमी पन्ह्याचा असतो. पैठणी ओळखायची तर पदर उलटा करून बघावा. हातमागाच्या अस्सल पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा हिमरू याच्या उलट असतो. रेशीम आणि सूत एकत्र विणलेल्या या कापडाच्या मागच्या बाजूला मोकळे धागे लोंबतात. 1 मे 1981 ला जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत हा बराचसा भाग औरंगाबाद जिल्ह्यातच होता. त्यामुळे जुन्या घरांत हिमरूची शाल निघाली तर नवल वाटायला नको.

जरीची जुनी साडी असेल तर घाईत देऊन टाकू नये. जुनी जर ही चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा देऊन केलेली असायची. खात्रीच्या सोनाराकडून तपासून घेतली तर पातेल्याच्या बदल्यात आपण काय देत होतो, ते कळेल.

कापायचं कमी, वापरायचं जास्त

साडीचा पडदा करायचा म्हणजे कात्री चालवलीच पाहिजे असं नाही. साडीचा पन्हा साधारण 45 इंच असतो. खिडकी साडेतीन फूट उंचीची असेल तर साडी आडवी धरून वरच्या काठामागे पट्टी शिवून नेफा करायचा आणि त्यात दांडी घालायची. खालचा काठ आपोआप पडद्याची किनार होतो. साडी न कापल्यामुळे उद्या नेफा उसवला की ती पुन्हा नेसताही येते.

खिडकी चार फूट बाय चार फूट असेल तर साडेपाच मीटरच्या साडीचे सव्वा मीटरपेक्षा थोडे मोठे चार तुकडे होतात. एका खिडकीला दोन, म्हणजे एका साडीत दोन खिडक्या निघतात आणि चुण्याही भरपूर पडतात.

खणाचा पन्हा कमी, म्हणून त्याचे पडदे करण्याच्या भानगडीत पडू नये. उशीचे अभ्रे, लोडाची खोळ, देवघरातलं आसन किंवा टीव्हीखालचा रुमाल यासाठी तो उत्तम. हिमरूला मात्र मागून सुती अस्तर लावावंच लागतं, नाहीतर मोकळे धागे अडकून ओढले जातात.

नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे दोन-दोन मीटरचे चार थर एकावर एक ठेवले की एका लुगड्यात हलकी गोधडी उभी राहते. वरचा थर चांगला, आतले विरलेले चालतात. पूर्वी अशी वाकळ अंथरूण-पांघरूण म्हणून वळकटीत गुंडाळलेली असायची. आज तीच दिवाणावर पसरली किंवा भिंतीवर टांगली तर बैठकीची खोली बदलून जाते. स्वतःला शिवणं जमत नसेल तर गावातच धावदोरा घालून गोधड्या शिवणाऱ्या बाया असतात. त्यांना योग्य मजुरी दिली तर पैसा गावात राहतो आणि हातातली कलाही टिकते.

रंग आपलेच, फक्त मोजके

डाळिंबी, अंजिरी, मोरपंखी, चिंतामणी, पोपटी, गुलबक्षी... आजीच्या तोंडी असलेली ही नावं म्हणजेच आपला रेट्रो रंगफलक. पण सगळे एकाच खोलीत आले तर घराचा मांडव होतो. एका खोलीत एक मुख्य रंग, एक काठाचा रंग आणि बाकी पांढरं किंवा मातकट, एवढं पुरे. नेसत्या लुगड्याचा हिशोबच इथं लावायचा : अंग एका रंगाचं, काठ दुसऱ्या.

भिंतींसाठी चुना अजूनही स्वस्त आणि चांगला. त्यात चिमूटभर नीळ घातली की पांढरा रंग उजळतो, जास्त घातली की जुन्या घरांतला फिकट निळा येतो. गेरूने तांबूस आणि पिवडीने पिवळा रंग मिळतो. हे रंग चुन्यात टिकतात, पण बाजारातला कुठलाही रंग चुन्यात मिसळून चालत नाही. आधी भिंतीच्या कोपऱ्यात लावून वाळल्यावर बघावं. भिंत ओली करून पातळ दोन-तीन हात द्यावेत. एकच दाट हात दिला तर पोपडे सुटतात. चुनकळी विझवताना पाणी उकळतं आणि शिंतोडे उडतात, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच आणि लेकरं लांब हवीत.

माळवदाच्या घरात ही गोष्ट फक्त शोभेची राहत नाही. मातीची भिंत ओल धरते आणि सोडते. तिच्यावर ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते, रंग फुगतो आणि मागची माती सुटायला लागते. चुना ओलीला वाट देतो. स्लॅबच्या घरातही गच्चीवर पांढरा चुना मारला तर ऊन परततं आणि खालची खोली कमी तापते.

टिकवायचं कसं?

रंगीत कापड धुण्याआधी ओला पांढरा रुमाल घासून बघावा. रुमालाला रंग लागला तर ते कापड वेगळं आणि थंड पाण्यात धुवावं. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सांगतात, पण एकदा उतरू लागलेला रंग मिठाने थांबत नाही. रेशमी कापड थेट उन्हाच्या खिडकीला लावू नये. पैठणी मलमलमध्ये गुंडाळून ठेवावी आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीवरच ती चिरते. भिंतीवर लावायची असेल तर खिळा किंवा गोंद नको. सुती कापडावर हलक्या टाक्यांनी टाचून मग चौकटीत बसवावी.

जुन्या माणसांच्या बोलीत घरही खणांनी मोजलं जायचं, चार खणांचं, पाच खणांचं. त्या घरातल्या बाईची चोळीही खणाचीच असायची. घराचे खण पडून आता बऱ्याच ठिकाणी स्लॅब आला. ट्रंकेतला खण तेवढा अजून शाबूत आहे. यंदा भांडेवालीची हाक आली तर गठ्ठा आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर सोडावा आणि कुठलं लुगडं कधीचं, ते विचारून घ्यावं. त्यानंतर जे नको वाटेल, ते खुशाल द्यावं.