छायाचित्र आणि विधिवाणी : तेय्यमच्या निमित्ताने

उत्तर केरळातील कण्णूर आणि कासरगोड या जिल्ह्यांत ऑक्टोबरच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तेय्यमचा हंगाम चालतो. तांबडा आणि नारिंगी वेष, डोईवरचा भव्य मुकुट, माडाच्या चुडतांचा उजेड यांमुळे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील विधिनाट्यांत छायाचित्रकारांना याचे आकर्षण विशेष. मलबार कधी न पाहिलेल्यांच्या मनातही तेय्यमची एक प्रतिमा तयार असते ती यामुळेच. ही प्रतिमा मूक आहे, एवढे मात्र सहसा ध्यानात येत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला तेय्यमविषयी आस्था वाटावी ती प्रामुख्याने त्यातील शब्दासाठी. आणि छायाचित्रात नेमका तोच नसतो.

‘तेय्यम’ हे ‘दैवम्’ या शब्दाचेच लोकभाषेतील रूप. विधीच्या आरंभी तेय्यम धारण करणारा कलावंत अल्प वेषात देवस्थानासमोर उभा राहतो आणि चेंड्याच्या साथीने तोट्टम गातो. तोट्टम म्हणजे त्या दैवताचे चरित्र. अनेक तेय्यम मुळात माणसे होती; त्यांना अन्यायाने मरण आले आणि मरणोत्तर देवपण लाभले. ही सारी कथा, तसेच दैवताला केलेले आवाहन, तोट्टमात येते. पाहण्यासारखे यात फारसे काही नसते, ऐकण्यासारखे पुष्कळ असते. छायाचित्रकाराचा कॅमेरा या वेळी बहुधा विसावलेला असतो.

तो बाहेर निघतो अणियरेत, म्हणजे वेषभूषेच्या जागी. कलावंत आडवा पडलेला असतो आणि सहकारी बारीक काडीने त्याच्या चेहऱ्यावर तासन्‌तास रेषा काढीत असतो. मलयाळममध्ये या क्रियेला ‘मुखत्तेळुत्त्’ म्हणतात. ‘एळुत्त्’ म्हणजे लेखन. चेहरा रंगवणे असे न म्हणता चेहरा लिहिणे असे म्हणणारी ही भाषा त्या रेषांकडे कोणत्या दृष्टीने पाहते ते यावरून कळावे. प्रत्येक दैवताची रेखनपद्धती ठरलेली असते आणि जाणकार तीवरून दैवत ओळखतो. पुढे मुकुट बांधला जातो आणि कलावंताच्या हाती आरसा दिला जातो. आरशात दिसणारे मुख आपले नसून दैवताचे आहे, या प्रत्ययाच्या क्षणी माणूस मागे सरतो अशी धारणा आहे. मलबारच्या विधींचे दीर्घकाळ छायाचित्रण करणाऱ्या पेपिता सेठ यांनी आपल्या ग्रंथाला ‘इन गॉड्स मिरर’ (2022) हे नाव दिले, ते अन्वर्थक आहे. यानंतर कलावंताच्या तोंडून येणारा शब्द दैवताचा मानला जातो. भाविक आपली दुःखे त्याच्यापुढे मांडतात, दैवत त्यांना आश्वासन देते. हा संवाद चारचौघांत घडत असला तरी तो खाजगीच असतो. भाविकाचा अश्रू जवळून टिपण्यापूर्वी त्याला विचारण्याची तसदी फार थोडे घेतात.

शब्द वगळल्याने काय गमावते याचे सर्वांत ठळक उदाहरण पोट्टन तेय्यमचे आहे. निखाऱ्यांच्या राशीवर निश्चिंतपणे पहुडलेला, चेहऱ्यावर मुखवटा आणि अंगाभोवती माडाच्या कोवळ्या पानांचा घेर असलेला पोट्टन छायाचित्रांतून सर्वत्र पोहोचला आहे. पाहणारा अग्नीच्या चमत्काराने थक्क होतो. पण पोट्टनच्या तोट्टमाचा विषय अग्नी नव्हे. वाटेतून दूर हो असे सांगणाऱ्या शंकराचार्यांना चांडाळ उलट प्रश्न विचारतो : अंग कापले तर तुमचे आणि आमचे रक्त वेगळे निघेल काय? ज्यांच्या सावलीचाही एके काळी विटाळ मानला गेला त्या जातींतील कलावंत हा वाद गातो, आणि जमीनदार घराण्यांतील माणसे त्याच्यापुढे हात जोडतात. छायाचित्रात निखारे उरतात, वाद विझतो. जातिव्यवस्थेची मर्मभेदी चिकित्सा ‘नेत्रदीपक लोककला’ या सदरात जाऊन बसते.

छायाचित्राची ही मुकी बाजू जुनीच आहे. विल्यम जॉन्सन याने 1863 आणि 1866 मध्ये मुंबईतील जातिजमातींचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत छायाचित्रगृहात टिपलेल्या व्यक्ती निराळ्याच दृश्यांवर बसवलेल्या आहेत. माणूस एका जागेचा, पार्श्वभूमी दुसऱ्या जागेची. एडगर थर्स्टनच्या दक्षिण भारतातील जातिजमातींवरील सात खंडांत (1909) मलबारच्या अशा कलावंतांना भूतनर्तक असे संबोधिले आहे. ज्याला गावकरी दैवत म्हणतात त्याला चित्राखालची ओळ भूत म्हणते, आणि त्याचे स्वतःचे म्हणणे कोठेच ऐकू येत नाही.

कोकणातही स्थिती फारशी निराळी नाही. शिमग्यात पालखी नाचवण्याची चित्रे, अलीकडे आकाशातून घेतलेली सुद्धा, विपुल आहेत. परंतु त्या सोहळ्याचा कणा असलेले गाऱ्हाणे त्यांत कसे दिसावे? गावाच्या वतीने देवापुढे घातलेले ते लयबद्ध गद्य आणि त्याला जमावाने एकमुखाने दिलेला ‘होय महाराजा’ हा होकार, यांवाचून पालखी ही नुसती मिरवणूक ठरते. मराठी गद्याच्या मौखिक परंपरेचा विचार करणाऱ्याला गाऱ्हाण्याइतके चांगले साधन क्वचितच मिळेल.

काही ठिकाणी कॅमेऱ्याला मज्जावच असतो. वळपट्टणम नदीकाठच्या परश्शिनिक्कडवु येथे मुत्तप्पनचा विधी दररोज होतो, पण मंदिरात छायाचित्रे घेऊ देत नाहीत. गोव्यात डिचोली तालुक्यातील साळ येथे गड्यांच्या जत्रेत रात्री दिवे मालवले जातात. तेथे अंधार हाच विधीचा भाग असल्याने लखलखाटी दिव्याचा एक झोतही विधी मोडणारा ठरतो. अशा निषेधाची नोंद हीसुद्धा संशोधनसामग्री होय. काय दाखवायचे नाही हे समाजाने ठरवलेले असते, आणि त्या निर्णयातून त्याची पावित्र्यकल्पना जितकी कळते तितकी चोरून घेतलेल्या चित्रातून कळत नाही.

म्हणून विधीच्या चित्राखाली केवळ ‘तेय्यम, कण्णूर’ एवढे लिहिणे अपुरे आहे. दैवताचे नाव, स्थान, तिथी, विधीचा टप्पा, त्या वेळी तोट्टमाचा कोणता भाग चालू होता, आणि कलावंताची इच्छा असल्यास त्याचे नाव, एवढे तरी हवे. आज मात्र दोन वेगळी दप्तरे तयार झालेली आहेत. चिरक्कल टी. बालकृष्णन नायर आणि एम. व्ही. विष्णु नंपूतिरी यांच्यासारख्या संग्राहकांनी कष्टाने मिळवलेली तोट्टमे मलयाळम ग्रंथांत आहेत आणि मलयाळमेतर अभ्यासकांपर्यंत ती फारशी पोहोचत नाहीत. चित्रे गुळगुळीत कागदावरून देशोदेशी गेली आहेत. पोट्टनचे चित्र आणि पोट्टनचे तोट्टम एकाच पानावर, अनुवादासह, छापण्याचे काम एखाद्या विद्यापीठीय भाषाविभागाला सहज उचलता येण्याजोगे आहे.