मुंबईत खोली घेण्याआधी



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की मुंबईच्या पाव्हण्यांचे फोन सुरू होतात. "लालबागला खोली निघालीय, स्वस्तात आहे, घेऊन टाका. घरबसल्या भाडं येईल." गिरण्यांच्या काळात आपल्याकडचे घरटी एक माणूस तिकडे होते, त्यामुळे परळ-लालबाग आपल्याला परके वाटत नाही. ऊस विकास अधिकाऱ्याने घरभाड्यावर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण शिवारात फिरताना बेण्याच्या आधी हाच विषय निघतो, म्हणून लिहितो.

पहिला प्रश्न असा विचारावा : खोली मालकीची की पागडीची? गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील जुन्या चाळींतल्या बहुतेक खोल्या पागडीच्या असतात. पागडीत लाखो रुपये मोजूनही इमारत घरमालकाचीच राहते. आपण घेतो तो फक्त भाडेकरूचा हक्क. तो विकायचा तर मालकाची संमती लागते आणि त्यातला ठरलेला वाटा त्याला द्यावा लागतो.

खरी मेख पुढेच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १६ प्रमाणे, भाडेकरूने मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर मालक कोर्टात जाऊन जागा खाली करून मागू शकतो. सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरली नाही तरीही मागू शकतो. आता सभासद गावी, खोली लालबागला. भाड्याने दिली तर पहिली अडचण, कुलूप लावले तर दुसरी. म्हणजे भाडे खाण्यासाठी पागडीची खोली घेणे हा मुळातच उलटा व्यवहार आहे. स्वतःचा मुलगा नोकरीला असेल आणि तो तिथे राहणार असेल, तर गोष्ट वेगळी.

मग मालकाची तरी चैन असते का? तेही नाही. मुंबई भाडे कायदा १९४७ ने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरले आणि ते तिथेच गोठले. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण ती त्याच जुन्या आकड्यावर. भाड्यातून चुन्याचा खर्चही निघेना, तेव्हा मालकांनी दुरुस्ती सोडली. अखेर १९६९ साली कायदा करून सरकारला दुरुस्ती मंडळ काढावे लागले. पुनर्विकासात मोठा फ्लॅट मिळेल या आशेवर पुष्कळ जण आज पागडी घेतात. काहींना मिळतोही. काहींची संक्रमण शिबिरात वर्षे गेली आहेत.

भाड्यासाठीच घ्यायचे तर सोसायटीतील मालकीची जागा बघावी. शेअर दाखला म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जागा देताना लीव्ह अँड लायसन्सचा करार करावा. जुनी माणसे याला बिचकतात, त्याला कारण आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहणारे लोक कायद्याच्या दुरुस्तीने संरक्षित भाडेकरू झाले आणि मालकांच्या जागा गेल्या. आज तशी स्थिती नाही. कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही माणूस उठला नाही तर त्याच्याकडून दुप्पट शुल्क मागता येते. मात्र करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी जागा देणाऱ्याची आहे. नोंद नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते.

आता हिशेब. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. परळला १ कोटीची जागा, भाडे महिना २५ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख. सोसायटीचा खर्च ४८ हजार, एक महिना जागा रिकामी, एक महिन्याचे भाडे दलालाला. उरले २ लाख २ हजार. शेकडा दोन! खरेदीच्या वेळी ६ टक्के मुद्रांक, म्हणजे ६ लाख, गेले ते वेगळेच. बँकेची ठेव यापेक्षा जास्त देते. जागेचा भाव वाढतो हे खरे, पण ती वाढ विकल्याशिवाय हाती येत नाही. ज्याच्याजवळ शिलकीचा पैसा आहे त्याने खुशाल घ्यावी. सातबाऱ्यावर बोजा चढवून कोणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्जाचे व्याज या भाड्यातून फिटत नाही.

इसार देण्यापूर्वी दुय्यम निबंधकाकडून त्या जागेची सूची क्रमांक २, ज्याला तिकडे इंडेक्स टू म्हणतात, काढून बघावी. सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला मागावा. आणि एक राहिलेच : शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, भाड्याला आहे. पालिकेचा भरलेला कर वजा जाता ३० टक्के सूट मिळते, बाकीवर आकारणी होते. कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्नही हिशेबात धरले जाऊ शकते, तेव्हा उसाच्या बिलाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.