मधुमेही मांजराची घरगुती शुश्रूषा : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात इन्सुलिन आणि रक्तशर्करेचे व्यवस्थापन

बीजसंज्ञा : मांजर, मधुमेह, इन्सुलिन, रक्तशर्करा, अल्पशर्करा, गृहशुश्रूषा, वनव्याप्त जिल्हे

प्रस्तावना :

मांजराला मधुमेह होतो, हे विधान सुशिक्षित श्रोत्यांसमोर केले तरी प्रथम हशा पिकतो. आपल्याकडे मांजर पाळले जाते असे म्हणण्यापेक्षा ते घरात असते, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. कोठीतील उंदरांसाठी ते हवे असते आणि उरलेल्या दूधभातावर त्याचे भागते. परंतु चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोली यांसारख्या शहरांत आता घराबाहेर न पडणारी, निर्बीजीकरण केलेली आणि अंगाने भरलेली मांजरेही दिसू लागली आहेत. बिबट्याचा वावर असलेल्या वस्त्यांत मांजर आत ठेवण्याला वेगळे कारणही आहे. अशी मांजरे दीर्घकाळ जगतात आणि उतारवयातील आजार त्यांच्या वाट्याला येतात. मधुमेह हा त्यांपैकी एक होय.

या आजारावर उपचार आहे. प्रश्न तो कोठे आणि कोणाच्या हातून करायचा, हा आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची रचना मुख्यत्वे गाय, बैल, शेळी, कोंबडी यांच्यासाठी आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय चंद्रपूरपासून सुमारे १५० किलोमीटरवर आहे. भामरागडच्या रहिवाशाला तर आधी गडचिरोली गाठावी लागते आणि पर्लकोटेला पूर आला की तेवढेही शक्य होत नाही. त्यामुळे दिवसातून दोनदा द्यावयाचे इन्सुलिन येथे घरच्याच माणसाला द्यावे लागते. हे काम सुरक्षितपणे कसे करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न आहे.

घरी सुई टोचण्याविषयी जी भीती असते, तिच्याबाबत याच भूमीतील एक दाखला लक्षात घेण्याजोगा आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या प्रयोगात गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांनी जंतुसंसर्ग झालेल्या अर्भकांना जेंटामायसिनची इंजेक्शने घरी दिली होती. अर्भक आणि मांजर यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. सुई टोचणे ही शिकता येणारी क्रिया आहे, तिच्याभोवतीची शिस्त मात्र कसोशीने पाळावी लागते, एवढेच त्यातून दाखवायचे आहे.

आजाराचे स्वरूप :

मांजराचा मधुमेह हा माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी मिळताजुळता असतो. स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी थकतात, तेथे अमायलॉइड नावाचे प्रथिन साचते आणि शरीरही इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही. उतारवय, लठ्ठपणा, नर असणे आणि निर्बीजीकरण यांमुळे धोका वाढतो. त्वचेच्या किंवा दम्याच्या विकारासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळेही हा आजार उद्भवू शकतो, म्हणून पूर्वीच्या औषधांची माहिती पशुवैद्यास अवश्य द्यावी. मांजर वारंवार पाणी पिते, पुष्कळ लघवी करते, भरपूर खाऊनही वाळत जाते. काही मांजरे मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागतात. मधुमेहाने नसांवर झालेल्या परिणामाचे ते लक्षण असते.

निदानात मात्र एक फसगत संभवते. भ्यालेल्या मांजराची रक्तशर्करा आजार नसतानाही बरीच वाढते. पिशवीत कोंबून, एसटीने तीन-चार तासांचा प्रवास घडवून दवाखान्यात आणलेल्या मांजराच्या एका आकड्यावरून मधुमेह ठरवणे म्हणूनच धोक्याचे आहे. लघवीत सातत्याने साखर आढळणे आणि फ्रुक्टोसामाइन ही मागील काही आठवड्यांची सरासरी दर्शवणारी चाचणी यांचा आधार घ्यावा लागतो. मांजराच्या मूत्रपिंडातून साखर गळू लागते ती रक्तातील प्रमाण साधारणतः प्रति डेसिलिटर २७० मिलिग्रॅमच्या आसपास गेल्यावर. यातून ध्यानात येते की घरी, ओळखीच्या मांडीवर घेतलेला आकडा दवाखान्यातील आकड्यापेक्षा पुष्कळदा अधिक खरा असतो.

इन्सुलिन आणि सिरिंजचा घोटाळा :

टोरांटो येथे १९२२ च्या जानेवारीत इन्सुलिन प्रथम एका मुलाला देण्यात आले. मांजरांसाठी आज जे इन्सुलिन प्राधान्याने वापरले जाते ते ग्लार्जिन मूळचे माणसांचेच औषध आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात जॅकी रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात मांजरांतील त्याच्या उपयोगाचा विशेष अभ्यास केला. ग्लार्जिनचे द्रावण आम्लधर्मी असते. त्वचेखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण साकळतात आणि ते हळूहळू विरघळत राहिल्याने परिणाम दीर्घकाळ टिकतो. याच कारणासाठी ते पाण्याने पातळ करू नये किंवा दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळू नये. आरंभीची मात्रा बहुधा प्रत्येक वेळी १ युनिट, बारा तासांच्या अंतराने, अशी असते. अर्थात ती पशुवैद्यानेच ठरवावयाची.

आता ज्या मुद्द्यावर सर्वाधिक जोर द्यावयास हवा, तो येतो. आपल्या औषधदुकानांत दोन तीव्रतांची इन्सुलिने मिळतात. माणसांच्या साध्या इन्सुलिनच्या अनेक कुप्यांत प्रति मिलिलिटर ४० युनिट असतात, तर ग्लार्जिनमध्ये प्रति मिलिलिटर १०० युनिट. सिरिंजही त्यानुसार दोन प्रकारच्या : लाल टोपणाची ४० साठी आणि नारिंगी टोपणाची १०० साठी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ग्लार्जिन १ च्या खुणेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात अडीच युनिट औषध जाते. सत्तर किलोच्या माणसाला दीड युनिटाचा फरक कदाचित जाणवणार नाही, परंतु चार किलोच्या मांजराच्या जिवावर तो बेतू शकतो. उलट चूक झाल्यास, म्हणजे ४० चे इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजने दिल्यास, १ च्या खुणेला केवळ ०.४ युनिट जाते आणि मांजर उपचार सुरू असूनही खंगत राहते. दुकानदार ‘एकच आहे, चालते’ असे म्हणाला तरी कुपीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा स्वतः जुळवून पाहिल्याशिवाय घरी येऊ नये. अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली, ०.३ मिलिलिटरची नारिंगी टोपणाची सिरिंज मिळाल्यास उत्तम.

१० मिलिलिटरच्या कुपीत १००० युनिट असतात. मांजराला दिवसाकाठी दोन-चार युनिट लागतात, म्हणजे बहुतांश औषध मुदतीनंतर फेकावे लागते. त्यापेक्षा ३ मिलिलिटरचे कार्ट्रिज परवडते.

चंद्रपूरचा मे महिना :

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे, वापरात असलेले ३० अंशांच्या आत ठेवून २८ दिवसांत संपवावे, अशी उत्पादकांची सूचना असते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. राज्याला वीज पुरवणारे महाऔष्णिक केंद्र याच जिल्ह्यात असले तरी खेड्यापाड्यांत वादळवाऱ्यासरशी वीज जाते, याचा अनुभव कोणास नाही? अशा वेळी मातीचे मडके कामी येते. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके आणि त्यात कोरड्या डबीत औषध, अशी रचना केल्यास बाष्पीभवनाने आतील तापमान बरेच उतरते. कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालतो, दमट पावसाळ्यात त्याचा प्रभाव घटतो. आत एक साधा तापमापक ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवल्यास बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते.

उष्णतेने निकामी झालेले ग्लार्जिन पुष्कळदा दिसावयास स्वच्छच असते. खरा धोका पुढे आहे. औषध क्षीण झाल्याने शर्करा वाढते, घरचे लोक मात्रा वाढवतात, मग नवी कुपी येते आणि ताज्या औषधाची तीच वाढीव मात्रा मांजराला अल्पशर्करेत लोटते. शर्करा अकारण वाढू लागली की मात्रेपूर्वी कुपीवर संशय घ्यावा, आणि नवी कुपी उघडताना मात्रेविषयी पशुवैद्यास पुन्हा विचारावे.

मापन आणि नोंद :

कानाच्या कडेने जाणारी बारीक शीर कोमट कापडाने शेकून टोचल्यास थेंबभर रक्त मिळते. माणसांचा ग्लुकोमीटर चालतो, परंतु तो मांजराची शर्करा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो. माणसाच्या रक्तातील साखरेचा मोठा अंश तांबड्या पेशींत असतो, तर मांजरात सुमारे ९३ टक्के साखर रक्तद्रवात असते आणि यंत्राचे गणित माणसाच्या प्रमाणावर बेतलेले असते. म्हणून यंत्र एकच ठेवावे आणि कोणते आहे ते पशुवैद्यास सांगावे. माणसांच्या दंडावर लावला जाणारा, १४ दिवस चालणारा संवेदकही मांजराच्या पाठीवर केस काढून लावता येतो. खर्च मात्र बराच येतो.

पशुवैद्य सांगेल त्या दिवशी इंजेक्शनपूर्वी आणि नंतर दर दोन तासांनी बारा तासांपर्यंत आकडे घ्यावेत. त्यातील नीचतम आकडा ८० ते १५० दरम्यान यावा, अशी अपेक्षा असते. मात्रेत बदल पाच-सात दिवसांच्या आत करू नये. रोजचा एकेक आकडा पाहून मात्रा वरखाली करणारा पालक सर्वात काळजीवाहू वाटतो, पण प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वात अधिक अपाय त्याच्याच हातून संभवतो. एक वही करावी. तीत वेळ, खाणे, आकडा, मात्रा आणि टोचणाऱ्याचे नाव लिहावे. एकत्र कुटुंबात सकाळी सूनबाईंनी आणि तासाभराने सासूबाईंनी इंजेक्शन देण्याचा प्रसंग या एका स्तंभाने टळतो. सात ते सात ही वेळ महाविद्यालयीन शिक्षकास सोयीची असली, तरी परगावच्या परीक्षा-केंद्रावर नेमणूक झाल्यास पर्यायी माणूस आधीच तयार ठेवावा लागतो. तासाभराचा उशीर चालतो. राहून गेलेली मात्रा पुढच्या वेळी दुप्पट करून देऊ नये. सुई केसांतूनच आरपार गेली की काय अशी शंका आल्यास दुसऱ्यांदा टोचू नये.

अल्पशर्करा :

वाढलेल्या शर्करेची हानी बहुधा दिवसांनी-आठवड्यांनी होते, घसरलेली शर्करा तासाभरात जीव घेते. वरील बहुतेक नियम या एका भेदातून निघाले आहेत. आकडा ६० च्या खाली येणे, अशक्तपणा, झोकांड्या, थरथर, झटके ही लक्षणे दिसताच मध किंवा साखरेचा घट्ट पाक हिरड्यांवर चोळावा. मांजर शुद्धीवर असेल तर लगेच खाऊ घालावे. बेशुद्ध मांजराच्या तोंडात पातळ पदार्थ ओतू नये, तो श्वासनलिकेत जातो. नंतर पशुवैद्यास फोन करावा. मांजराने खाल्ले नसेल किंवा इंजेक्शनपूर्वीचा आकडा २०० च्या खाली असेल, तर नवख्या पालकाने पशुवैद्यास विचारल्यावाचून इन्सुलिन देऊच नये. याउलट अन्न टाकणे, उलट्या, मलूलपणा आणि लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसणे ही अवस्था घरी हाताळण्याची नाही. तेथे शिरेतून द्रव देण्याची सोय असलेला दवाखानाच गाठावा लागतो.

या संदर्भात तोंडावाटे द्यावयाच्या औषधांचाही विचार व्हावा. बेक्साग्लिफ्लोझिनला डिसेंबर २०२२ मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिनला ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेत मांजरांसाठी मान्यता मिळाली. सुईचा त्रास त्यांनी वाचतो, परंतु शर्करा सामान्य दिसत असतानाही कीटोन वाढण्याचा धोका असतो. दवाखाना दूर असलेल्या घराने तो विचारात घ्यावा. माणसांसाठीची त्याच वर्गातील गोळी आपल्या मनाने देणे तर सर्वस्वी अनुचित होय.

आहार :

दूधभात हे मांजराचे अन्न अशी आपली समजूत आहे, वस्तुतः मांजर मांसाहारी प्राणी आहे. पिष्टमय पदार्थ कमी आणि प्रथिने अधिक असा आहार मधुमेहात हितकारक ठरतो. या दोन जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलावांतील ताजी मासळी सहज मिळते. ती उकडून, काटे काढून, उकडलेले अंडे व कोंबडी यांच्या जोडीने देता येते, मीठ लावलेली सुकी मासळी मात्र टाळावी. केवळ मासे-मांस हा पूर्ण आहार नसल्याने कमी पिष्टाचे तयार ओले खाद्य मिळाल्यास त्यावर भर द्यावा. भात बंद केला की इन्सुलिनची गरज काही दिवसांतच घटू शकते. म्हणून आहारातील बदल पशुवैद्यास सांगून, हळूहळू आणि आकडे पाहतच करावा.

लवकर उपचार मिळालेल्या काही मांजरांचे इन्सुलिन काही महिन्यांनी थांबवता येते. अशा मांजराची लघवी आठवड्यातून एकदा पट्टीने तपासत राहावे, भात पुन्हा सुरू करू नये आणि पुढे कधी खरजेसाठी स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले गेले, तर या आजाराचा इतिहास टोचण्यापूर्वीच सांगावा.