पंधरा ग्रॅमचा पंप

चाकणच्या कुठल्याही कारखान्याच्या मागच्या बाजूला जा, लोखंडी जाळीत बसवलेली पांढरी चौकोनी टाकी दिसतेच. आयबीसी टँक, १००० लिटरची. कूलंट, तेल, रसायनं त्यातून येतात आणि काम संपलं की टाकी भंगारात जाते. तीच वरून आडवी कापली, तर सुमारे ६०० लिटर पाण्यात दोन माणसं आरामात छातीपर्यंत बुडून बसतील असा टब तयार होतो. डिसेंबरच्या थंडीत, उघड्या आकाशाखाली! जगभरचे हौशी लोक हे करतात. टब सोपा आहे. खरी गंमत पाणी तापवण्यात आहे.

आधी हिशोब. २२ अंशांचं ६०० लिटर पाणी ४० अंशांवर न्यायला साडेबारा युनिट वीज लागेल, म्हणजे दोन किलोवॉटचा गिझर सहा तासांहून जास्त. लाकडावर तापवायचं आणि निम्मी उष्णता वाया जाईल असं धरलं, तरी सहा-सात किलो सुकं लाकूड पुरतं. पण प्लॅस्टिकच्या टबाखाली जाळ कसा करणार?

त्यासाठी टबाला दोन भोकं पाडतात, एक तळाशी आणि एक पाण्याच्या पातळीच्या जरा खाली. तांब्याच्या नळीचं वेटोळं करून त्याची टोकं या दोन भोकांना जोडायची आणि वेटोळं बाहेर, टबापासून अंतर राखून, तळापेक्षा खालच्या शेगडीत बसवायचं. जाळ पेटला की पाणी आपोआप फिरू लागतं. मोटर नाही, वायर नाही. खालून थंड पाणी नळीत शिरतं आणि वरून गरम होऊन टबात परत येतं.

हे कोण फिरवतं? २० अंशांचं लिटरभर पाणी ९९८ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांचं ९८३. फरक अवघा १५ ग्रॅमचा. तेवढ्यावर जड पाणी खाली बसतं आणि हलक्याला वर ढकलतं. जाळ फक्त एक बाजू हलकी करतो, ओढण्याचं काम पृथ्वीचं! निगडी-प्राधिकरणातल्या गच्च्यांवर सोलर हीटरची टाकी नळ्यांच्या वर असते, ती याच कारणाने. फोर्डच्या ‘मॉडेल टी’चं इंजिनही बहुतेक काळ असंच, पंपाशिवाय थंड होत असे. पिंपरी-चाकणच्या गाडीवाल्या मुलखात हे सांगायला मला विशेष आवडतं.

आणि आपला तांब्याचा बंब? त्याची रचना तर याहून हुशार. जाळाची नळी पाण्याच्या पोटातूनच वर जाते, त्यामुळे उष्णतेला पळायला फारशी वाटच नाही. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाला पाणी देणाऱ्या त्या भांड्यापुढे शेगडीतलं वेटोळं म्हणजे उधळपट्टीच.

१५ ग्रॅमचा पंप मात्र नव्या जावयासारखा पटकन रुसतो. नळीला कुठे उलटा बाक आला, त्यात हवा अडकली किंवा वरचं भोक पाण्याबाहेर राहिलं, की प्रवाह थांबतो. मग नळीतलं पाणी उकळून वाफेचे ठोके ऐकू येतात. म्हणून नळी सतत चढती हवी, तिच्यावर कॉक नको आणि पाणी भरल्याशिवाय जाळ नको.

पाणी तापलं तरी थंडी हार मानत नाही. लिटरभर पाणी वाफ होऊन उडालं, की उरलेल्या ६०० लिटरचं तापमान जवळजवळ एक अंशाने उतरतं. यावर सुट्या भागांच्या खोक्यांतून निघणारा पांढरा फोम झाकण म्हणून फार उपयोगी पडतो. पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नये. गरोदर बायकांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

भंगारातून काय उचलायचं, याबाबत मी कडक आहे. टाकीत आधी काय होतं हे लेबलवर नसेल, तर ती घेऊच नका. खाद्यपदार्थांचीच घ्या, कारण रसायन प्लॅस्टिकमध्ये मुरतं. जळणासाठी पॅलेट फोडणार असाल तर शिक्का पाहा. ‘एचटी’ म्हणजे नुसतं तापवलेलं लाकूड, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू दिलेलं. दुसरं जाळायचं नाही. रंगाचे किंवा तेलाचे डाग असलेलंही नाही.

गच्चीवर तर हा प्रकार नकोच. पाणी आणि दोन माणसं मिळून सातशे किलोंहून जास्त वजन सव्वा चौरस मीटरवर येतं. गच्चीचा स्लॅब साधारण दीडशे किलो दर चौरस मीटरला सोसेल अशा हिशोबाने बांधतात. टब अंगणात, सपाट जमिनीवरच ठेवावा.

राहिलं पाणी. पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून ते दिवसाआड येतं आणि ६०० लिटर म्हणजे साडेचार माणसांचा दिवसाचा कोटा. साबण लावायचा नाही. त्याच रात्री निवलं, की टाकीच्या तळाशी मुळातच असलेल्या कॉकला पाइप लावून आंब्या-चिकूच्या आळ्यांत सोडून द्यायचं. कोमट पाणी साठवून ठेवलं तर त्यात जंतू वाढतात; ते रोखायला क्लोरीन घालावं लागेल, आणि आंब्याला ते नकोच असतं.