घाटावरचे नाव, घाटाखालचे गाव

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या जुन्या मराठी घरांत बालाघाटचे नाव निघते ते बहुधा बदलीच्या निमित्ताने. ‘अमक्याला बालाघाटला टाकले’ असे कानावर पडले की ऐकणारा हळहळतो. मग कोणी तरी समजूत घालतो की, हरकत नाही, कान्ह्याचे जंगल जवळ आहे, वाघ तरी पाहायला मिळेल. गावाची ओळख एवढ्यावरच आटोपते. चार-दोन वर्षे तेथे काढून आलेल्या माणसालाही ‘गाव दिसते कसे?’ असे विचारून पाहावे. तो वाघाचे वर्णन करील, गांगुलपाऱ्याच्या धबधब्याचे करील, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीची मोठी खोदाई सांगेल. खुद्द गावाचे चित्र मात्र त्याच्या डोळ्यांपुढे चटकन उभे राहत नाही.

ह्यात त्या माणसाचा दोष थोडा आणि कॅमेऱ्याचा जास्त आहे. बालाघाटात कॅमेरा बाळगणारा मनुष्य सवड सापडली की मुक्कीची वाट धरतो. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे हे प्रवेशद्वार ह्याच जिल्ह्यात आहे, आणि तेथे साल वृक्षांच्या राईत, पहाटेच्या धुक्यात उभ्या असलेल्या बारशिंग्याचे चित्र टिपण्याचा मोह कोणाला आवरणार? परंतु ते चित्र दिल्लीहून आलेला पाहुणाही टिपतो, आणि त्याच्यापाशी भिंगही बहुधा अधिक लांब पल्ल्याचे असते. ज्या गावात आपण जन्मलो, वाढलो, ते गाव टिपण्यास बाहेरचा कोणी येणार नाही. ते काम घरच्याच माणसाचे आहे, आणि म्हणूनच ते राहून जाते.

गावाच्या नावापासूनच एक गंमत सुरू होते. मराठी वाचकाला बालाघाट म्हटले की आधी मराठवाड्यातील डोंगररांग आठवते. दोन्हीकडे शब्द एकच आहे: बाला म्हणजे वरचा, बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. वऱ्हाडात बालाघाट आणि पाईनघाट अशी जोडीच प्रसिद्ध आहे. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि पुढे इंग्रजांनी १८६७ साली मंडला, शिवनी व भंडारा ह्या जिल्ह्यांचे तुकडे जोडून हा नवा जिल्हा केला. डोळ्यांपुढे होता तो बैहरकडचा वरचा, विरळ वस्तीचा पठारी प्रदेश. म्हणून नाव पडले बालाघाट. कचेरी मात्र थाटली खाली, वैनगंगेच्या खोऱ्यात, बुऱ्हा नावाच्या वस्तीपाशी. कालांतराने बुऱ्हा हे नाव मागे पडले आणि जिल्ह्याचे नाव गावाला चिकटले. अशा रीतीने घाटाखालचे गाव घाटावरचे नाव मिरवू लागले. छायाचित्रकाराने हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ह्या गावाचे संपूर्ण दर्शन गावात उभे राहून घडत नाही. त्यासाठी, नाव सांगते तसे, वर चढावे लागते.

गावाच्या ईशान्येस भरवेलीच्या बाजूला टेकड्या आहेत. तेथील मँगनीजची खाण आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाणींत गणली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे खोदकाम चालू आहे, आणि १९६२ पासून ते काम नागपुरात मुख्य कचेरी असलेल्या ‘मॉइल’ कंपनीकडे आहे. खाणीच्या हद्दीत परवानगीवाचून कॅमेरा नेता येत नाही, हे रास्तच आहे. परंतु हद्दीबाहेरही चढ पुष्कळ आहेत. सकाळी तेथे उभे राहिले की सूर्य पाठीशी असतो आणि उजेड समोरच्या खोऱ्यावर सरळ पडतो. पायथ्याशी तांबडी माती, तिच्यात खाणीच्या मालाचे काळे ढीग, पुढे धानाच्या बांध्या, त्यांच्या पलीकडे गाव, आणि गावाच्याही पलीकडे वैनगंगेची रेघ. जुलैत बांध्यांत पाणी तुंबते तेव्हा आभाळच जमिनीवर उतरल्यासारखे वाटते. सप्टेंबरात हिरवे, नोव्हेंबरात पिवळे, आणि उन्हाळ्यात वैराण, धुळकट. ह्या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तांदळाचा सुवास चित्रात उतरत नाही हे खरे. तरी ज्या खोऱ्यात तो पिकतो त्या खोऱ्याचा वर्षभराचा रंगपालट एकाच दगडावर उभे राहून टिपता येतो. खाणीवरच्या मजुराला हे दृश्य रोजचे आहे. गावातल्या पेढीवाल्याला ते बहुधा जन्मात एकदाही पडत नाही.

दुसरी जागा ह्याच्या अगदी उलट दिशेला आहे. वैनगंगा गावाच्या पश्चिमेकडून वाहते. सायंकाळी घाटावर गेलेला प्रत्येक जण मावळतीकडे, म्हणजे नदीकडे तोंड करून उभा राहतो. सोनेरी पाणी, एखादी डोंगी, काळी पडलेली झाडे: हे चित्र प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे, आणि नदीचे नाव खोडले तर ते कोणत्याही गावचे म्हणून खपेल. त्या वेळी गाव पाठीशी असते! वारासिवनीच्या रस्त्याने पूल ओलांडून पलीकडच्या काठी जावे आणि मागे वळून पाहावे. मावळतीचा तोच उजेड आता गावाच्या अंगावर पडलेला असतो, आणि मागे डोंगरांची निळी भिंत. नव्या दर्शनासाठी कित्येकदा एवढीच यातायात पुरते.

तिसरी जागा मात्र गेली. १९०३ साली गोंदियाहून नैनपूरपर्यंत अडीच फूट रुंदीची आगगाडी सुरू झाली. दोन वर्षांत ती जबलपूरला जाऊन भिडली. सगळा मुलूख तिला ‘छोटी लाइन’ म्हणे. गोंदिया-बालाघाट हा टप्पा आधीच मोठा झाला होता. २०१५ साली जबलपूरकडची छोटी गाडीही थांबली, आणि पुढे पाच-सहा वर्षांत तेथे रुंद मार्ग झाला. आता गाड्या वेगाने जातात, मालगाड्यांना दक्षिणेचा जवळचा रस्ता सापडला, ह्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. गाडी बंद होणार अशी वार्ता पसरताच दूरदूरचे रेल्वेवेडे कॅमेरे घेऊन धावले होते. इंजिनाची, पुलांची, वळणांची चित्रे विपुल आहेत. नैनपूरला छोट्या गाडीचे संग्रहालयही झाले आहे. पण ती चित्रे गाडीची आहेत. गाडीच्या खिडकीतून दिसणारे गाव कोणी टिपले? चारेगावकडून रखडत येणाऱ्या त्या डब्यातून बालाघाट हळूहळू उलगडत असे: आधी शेते, मग परसू, वाळत घातलेली लुगडी, विहिरी, घरांच्या पाठीमागच्या पडव्या. गाव आपली दर्शनी बाजू रस्त्याला दाखवते आणि खरी बाजू रेल्वेला. छोट्या लाइनीबरोबर नुसती एक गाडी गेली नाही, गावाकडे पाहण्याची एक संथ खिडकी गेली. ती परत उघडता येण्यासारखी नाही.

चित्रे कोठली काढायची हे पुष्कळदा कचेऱ्यांच्या हद्दी ठरवितात. इंदूरच्या वाचकांना लाला दीनदयाळ ठाऊक आहेतच. रुरकीच्या कॉलेजात शिकून ते इंदूरला बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे आणि अंदाजपत्रके करण्यास आले, १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती धरला, आणि सर हेन्री डेली व तुकोजीराव होळकर ह्यांच्या आश्रयाने पाहता पाहता नावारूपास आले. सर लेपेल ग्रिफिन ह्यांच्यासमवेत फिरून त्यांनी घेतलेली मध्य भारतातील वास्तूंची छायाचित्रे १८८६ साली ग्रंथरूपाने निघाली. त्यामुळे ग्वाल्हेर, सांची, खजुराहो ही स्थळे विलायतेतल्या बैठकांत जाऊन पोचली. परंतु ग्रिफिनसाहेबांची सत्ता संस्थानी मुलखावर. बालाघाट पडले नागपूरच्या चीफ कमिशनरच्या मध्यप्रांतात. तेव्हा लांजीच्या किल्ल्याकडे तो कॅमेरा वळण्याचे कारणच नव्हते. बालाघाट छापील पानांत आले ते इतर वाटांनी: फर्मर ह्या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०९ साली मँगनीजवर प्रचंड ग्रंथ लिहिला त्यात धातूसाठी, आणि शिकाऱ्यांच्या पुस्तकांत जनावरांसाठी. पुढे १९५६ च्या प्रांतरचनेत शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले, आणि ज्यांची वाट पिढ्यान्‌पिढ्या नागपूरची होती त्यांची राजधानी एकाएकी भोपाळ झाली. नागपूरच्या दैनिकांच्या दृष्टीने ते परप्रांत, भोपाळच्या दृष्टीने एक दूरचा कोपरा. अशा गावाची चित्रे काढणार कोण?

येथे प्रागच्या योसेफ सुदेकची आठवण होते. पहिल्या महायुद्धात ह्या माणसाने उजवा हात गमावला. पुस्तकबांधणीचा त्याचा मूळ धंदा बुडाला, म्हणून तो छायाचित्रणाकडे वळला, आणि जड लाकडी कॅमेरा खांद्यावर टाकून सारा जन्म एकाच शहरात हिंडला. जर्मनांच्या अंमलात रस्त्यावर कॅमेरा घेऊन फिरणे दुरापास्त झाले, तेव्हा त्याने आपल्या खोलीची खिडकी टिपण्यास आरंभ केला: दव धरलेली काच, पलीकडचे वेडेवाकडे झाड. एक खिडकी त्याला वर्षानुवर्षे पुरली. नंतर त्याच्या हाती जुन्या बनावटीचा एक कोडॅक लागला. त्याचे भिंग एका बाजूकडून दुसरीकडे फिरत जाई आणि चित्र उंचीच्या तिप्पट लांब येई. त्या आडव्या पट्टीत प्राग बसविण्यासाठी सुदेक टेकड्यांवर, नदीकाठी, कारखान्यांच्या मागे, शहर जेथे विरत जाते त्या शेताडीत जाऊन उभा राहिला. १९५९ साली ती चित्रे पुस्तकरूपाने आली. प्रागसारखे नटलेले शहर असूनही त्याला नवे दर्शन सापडले ते बरेचसे कडेला. बालाघाटाला राजवाडे नाहीत, मनोरे नाहीत. कडा मात्र भरपूर आहेत.

हल्ली कोणी म्हणेल, एवढ्या तंगडतोडीची गरज काय, ड्रोन उडवा! २०२१ च्या नियमांनी ते पुष्कळ सोपे केले आहे. आकाशातून घेतलेल्या चित्रांचे मोल मी नाकारीत नाही. नौदलातले छायाचित्रकार गोपाळ बोधे ह्यांनी हेलिकॉप्टरमधून टिपलेली मुंबई आणि आपले किल्ले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ते सांगावयास नको. पण बोध्यांना काय पाहायचे ते आधी ठाऊक असे. लग्नाच्या वरातीवर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनला सगळी गावे सारखीच: पत्र्याची छपरे, पाण्याच्या काळ्या टाक्या, मधून एक चौक. काली पुतळी चौक त्यातून ओळखू येतो तो पाटी लावली तर. टेकडीवरच्या माणसाच्या पायांखाली जमीन असते आणि चित्रात क्षितिज येते. मला तरी तेच दर्शन अधिक विश्वासाचे वाटते.

नव्या दर्शनाचा आणखी एक साठा बालाघाटात, आणि बालाघाटाहून पांगलेल्या घरांत, पडून आहे. तो म्हणजे जुने आल्बम. मालगुजार, वकील, मास्तर, कचेरीतले कारकून अशी जी मराठी घरे येथे रुजली, त्यांतल्या बहुतेकांकडे स्टुडिओत काढलेली चित्रे आहेत. खुर्चीवर आजोबा, शेजारी हात टेकून आजी, आणि मागे पडदा. पडद्यावर संगमरवरी खांब, कारंजे, एखादे विलायती तळे. खरी वैनगंगा हाकेच्या अंतरावर असता तिला झाकून मागे खोटे तळे टांगण्याची ही हौस काय वर्णावी! स्टुडिओवाल्यांनी चेहरे सुरेख राखले, गाव मात्र पडद्याआड ठेवले. तेव्हा शोध घ्यायचा तो ह्या चित्रांत नव्हे, तर घरच्या कोणी तरी अंगणात काढलेल्या, किंचित हललेल्या, कडेला बोट आलेल्या चित्रांत. बडोद्यात तयार झालेला आग्फा क्लिक घरोघर पोचला तेव्हा एका रोलात बारा चित्रे निघत. मुंजीचा बटू, नवी सायकल, माहेरी आलेली आत्या ह्यांवर ती खर्ची पडली. पण बटूच्या मागे कौलारू ओसरी आहे, सायकलच्या मागे रस्ता आहे, आत्याच्या खांद्यावरून मोतीतलावाच्या बाजूचे एखादे झाड डोकावते आहे. कोणी मुद्दाम टिपले नाही म्हणूनच ते गाव तेथे जसेच्या तसे राहिले.

अशा एखाद्या चित्राची प्रत खिशात घालून निघावे आणि काढणारा जेथे उभा होता तेथे जाऊन उभे राहावे. जागा ओळखण्यास घरे कामाची नाहीत, ती बदलतात. देवळाचा कळस, रस्त्याचे वळण आणि दूरची डोंगराची रेघ ही तिन्ही जुळवीत दोन पावले मागे-पुढे सरकावे लागते. वेळही साधावी लागते, कारण सावल्या जुळल्या नाहीत तर चित्र जुळत नाही. चित्राच्या मागे साल लिहिलेले असते तर हे काम निम्मे होते. पण बहुतेक ठिकाणी मागे नुसते ‘बाळ्याची मुंज’ एवढेच असते. कोणाची मुंज कोणत्या साली झाली हे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. काही इंदुरात आहेत, काही नागपुरात, लेकाकडे पुण्याला गेलेलीही आहेत. त्यांच्यापुढे आल्बम ठेवून मागे पेन्सिलीने साल आणि गल्ली लिहून घेण्याचे काम दिवाळीच्या सुट्टीत होण्यासारखे आहे. पेन्सिलीनेच, कारण पेनाची शाई कागदातून पुढे उतरते. निगेटिव्ह सापडल्या तर पत्र्याच्या डब्यातून काढून कागदी पाकिटांत ठेवाव्यात. आंबूस वास येऊ लागला असेल तर त्यांच्या प्रती काढण्यास उशीर करू नये. तो वास फिल्म कुजू लागल्याचा असतो.